मेलेल्या हरणातली ऊर्जा झाडात परत का जात नाही?

प्रश्न असा आला आहे: ‘ऊर्जा एकाच दिशेने वाहते, पोषकद्रव्यं मात्र चक्राकार फिरतात’ हे वाक्य पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण हरीण मेलं, जीवाणूंनी ते कुजवलं, त्याचं खत झालं आणि झाडाने ते खत घेतलं, तर हरणातली ऊर्जाही झाडात गेलीच की. मग चक्र फक्त पोषकद्रव्यांचंच का? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न: अन्नसाखळीत दर पायरीला दहाच टक्के ऊर्जा पुढे जाते, हा नियम कितपत पक्का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. झाड मातीतून घेतं ते पाणी आणि विरघळलेले क्षार. त्यातून त्याला इंधन मिळत नाही, ते त्याला उन्हातूनच कमवावं लागतं. पण एवढं पाठ करून फारसं काही हाती लागत नाही. ऊर्जा आणि पोषकद्रव्यं एकमेकांपासून सुटी होतात ती जागा नीट पाहिली तरच पुस्तकातल्या वाक्याला अर्थ येतो. मी माती आणि पालापाचोळ्याच्या कुजण्यावर काम करतो, त्यामुळे या उत्तरात वाघ-सिंहांपेक्षा बुरशीला जास्त जागा मिळेल, हे आधीच सांगून ठेवतो.

हरणाच्या मांसातल्या प्रथिनाचा एक तुकडा घ्या. त्यात कर्बाची (कार्बनची) साखळी आहे आणि तिला नत्र (नायट्रोजन) जोडलेलं आहे. जीवाणूला इंधन म्हणून हवी असते ती मुख्यतः कर्बाची साखळी. ऑक्सिजनशी तिचा संयोग झाला की ऊर्जा सुटते, कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या ऊर्जेतली काही जीवाणू स्वतःची वाढ करायला वापरतो, बाकीची उष्णता होऊन निघून जाते. मोठ्या कंपोस्टच्या ढिगात हात घातला तर ती उष्णता हाताला जाणवते. आतलं तापमान सहज ६० अंशांच्या वर जातं. हरणाच्या ऊर्जेचं शेवटी हेच होतं: आधी उष्णता, मग आकाशात उत्सर्जित झालेली अवरक्त किरणं. नत्राचं तसं नाही. जीवाणूच्या गरजेपेक्षा जास्त असलेलं नत्र अमोनियमच्या रूपात बाहेर टाकलं जातं, आणि तेच मुळांच्या हाती लागतं. कार्बन डायऑक्साइडही झाड परत घेतं, म्हणजे कर्बाचंही चक्र पुरं होतं. पण त्यापासून साखर बनवायला लागणारी ऊर्जा दर वेळी नव्याने उन्हातून घ्यावी लागते.

इथे एक बारकावा आहे. अमोनियममध्ये थोडी रासायनिक ऊर्जा शिल्लक असते, आणि माती इतकी कंजूष जागा आहे की तीही कोणी सोडत नाही. नायट्रीकरण करणारे जीवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात आणि त्यावर जगतात. पुढे ते नायट्रेट झाडाने घेतलं, की प्रथिनं बनवण्याआधी त्याला ते पुन्हा अमोनियमच्या रूपात आणावं लागतं. त्यासाठी नायट्रेटच्या एकेका आयनामागे ८ इलेक्ट्रॉन खर्ची पडतात. म्हणजे खतातून ऊर्जा मिळणं दूरच, ते वापरण्यासाठी झाडालाच पदरची ऊर्जा मोजावी लागते. खत हे झाडाचं ‘अन्न’ आहे असं आपण बोलून जातो, तिथून हा सगळा घोळ सुरू होतो.

चित्रच डोळ्यांसमोर आणायचं तर विहिरीवरचा रहाट आणा. गाडगी तीच, पुन्हा पुन्हा खाली जातात आणि वर येतात, ती पोषकद्रव्यं. बैलाची ताकद मात्र दर फेऱ्याला खर्च होते आणि परत येत नाही; ती ऊर्जा. बैल थांबला की गाडगी जागच्या जागी लटकून राहतात. चक्र फिरतं ते ऊर्जा वाहते म्हणून.

आता दहा टक्क्यांकडे येऊ. या विचाराची सुरुवात रेमंड लिंडमन यांच्यापासून झाली. अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या सीडर बॉग नावाच्या छोट्या तळ्याचा अभ्यास करून त्यांनी परिसंस्थेचा हिशेब प्राण्यांच्या संख्येऐवजी ऊर्जेत मांडला. त्यांचा लेख १९४२ साली छापून आला, तोवर ते हयात नव्हते. मला स्वतःला शिकवायला आवडतं ते मात्र हॉवर्ड ओडम यांचं फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्स या झऱ्याचं काम, १९५७ सालचं. त्यात आकडे उघडे मांडलेले आहेत आणि ते ‘नियमा’ला जुमानत नाहीत.

त्या झऱ्यातल्या वनस्पतींनी वर्षाला दर चौरस मीटरमागे सुमारे ४,१०,००० किलोकॅलरी प्रकाश शोषला. त्यातून प्रकाशसंश्लेषणाने बांधली गेली २०,८१० किलोकॅलरी, म्हणजे जेमतेम पाच टक्के. तीतली ११,९७७ वनस्पतींनी स्वतःच्या श्वसनात खर्च केली. उरली ८,८३३. वनस्पती खाणाऱ्या प्राण्यांच्या शरीरात त्यातून नवी भर पडली १,४७८ किलोकॅलरींची, त्यांना खाणाऱ्या मांसाहारींमध्ये ६७ ची आणि सर्वांत वरच्या शिकाऱ्यांमध्ये अवघ्या ६ ची. आता प्रत्येक पायरीची टक्केवारी काढा: सुमारे १७, मग साडेचार, मग ९. तीन पायऱ्या आणि दहा टक्के एकीलाही नाही. (पर्यटक माशांना टाकत असलेला पावसुद्धा ओडम यांनी बाहेरून आलेली ऊर्जा म्हणून हिशेबात धरला होता. हिशेब असा करावा.)

दहाचा आकडा अगदीच हवेतला आहे असंही नाही. १९९५ साली पाण्यातल्या ४८ परिसंस्थांच्या ऊर्जा-प्रारूपांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी दहाच्या आसपासच निघाली. पण सुटे आकडे २ ते २४ टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. तेव्हा दहा ही सरासरी आहे, आणि सरासरी घेऊन एखाद्या विशिष्ट तळ्याचं किंवा रानाचं गणित करू नये. फरक पडतो तो कोण कोणाला खातंय त्यामुळे. उष्ण रक्ताचा सस्तन प्राणी पचवलेल्या अन्नातली एक ते तीन टक्केच ऊर्जा शरीराच्या वाढीला लावतो, बाकी सगळी शरीर गरम ठेवण्यात आणि हालचालीत जाते. कीटकाला शरीर गरम ठेवायचं नसतं. त्याच्यात हा आकडा तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. अळ्या आणि उंदीर एकाच गवतावर जगत असले तरी वरच्या पायरीला त्यांच्याकडून मिळणारं उत्पन्न सारखं नसतं.

आणि उरलेली नव्वद टक्के ‘वाया जाते’ हे वाक्य तर मला मुळीच पटत नाही. तिचे तीन वेगळे रस्ते आहेत. काही कोणी खातच नाही, काही खाऊन विष्ठेतून बाहेर पडते आणि काही श्वसनात जळते. यातली श्वसनात जळलेली तेवढी गेली. न खाल्लेली आणि विष्ठेतली विघटकांच्या, म्हणजे कुजवणाऱ्या जीवाणू-बुरशीच्या, वाट्याला येते, आणि हा वाटा किरकोळ नाही. सिल्व्हर स्प्रिंग्समध्ये वनस्पती खाणाऱ्यांनी घेतली ३,३६८ किलोकॅलरी, तर विघटकांकडे गेली ५,०६०. जंगलात तर पारडं आणखी झुकतं. उभ्या पानांतला साधारणपणे दहा टक्क्यांहूनही कमी भाग पानं खाणारे प्राणी खातात, बाकीचा पिकून खाली पडतो. अन्नसाखळीच्या चित्रात गवत, ससा, कोल्हा अशी ऐटीत रांग काढून विघटकांना कोपऱ्यात एक चौकट देतात. जंगलाच्या ऊर्जेचा खरा हमरस्ता त्या कोपऱ्यातून जातो.

विषांचं साठत जाणंही याच हिशेबातून समजतं. डीडीटी या कीटकनाशकासारखं चरबीत मुरणारं रसायन श्वसनात जळत नाही. शंभर किलो चाऱ्यातली ऊर्जा जळत जळत वरच्या शिकाऱ्याच्या थोड्याशा मांसात उतरते, विष मात्र बरंचसं तसंच्या तसं वर सरकतं. म्हणून मासे खाणाऱ्या पक्ष्यांमध्ये त्याचं प्रमाण पाण्याच्या कित्येक हजार पट निघतं.

समुद्राबद्दल एक शंका हमखास येते. तिथे प्राण्यांचं एकूण वजन वनस्पतींपेक्षा जास्त भरतं, मग खाली वनस्पतींचा रुंद पाया आणि वर निमुळते होत जाणारे प्राणी असा जो पिरॅमिड पुस्तकात काढतात, तो उलटा नाही का झाला? वजनाचा झाला, ऊर्जेचा नाही. समुद्रातल्या सगळ्या उत्पादकांच्या शरीरात मिळून अंदाजे १ अब्ज टन कर्ब आहे. जमिनीवरच्या वनस्पतींत सुमारे ४५० अब्ज टन. तरीही पृथ्वीवर दर वर्षी नव्याने बांधल्या जाणाऱ्या सुमारे १०५ अब्ज टन कर्बापैकी जवळजवळ निम्मा समुद्रात बांधला जातो. म्हणजे सूक्ष्म शैवालांचा तो एक अब्ज टन साठा साधारण आठवड्याभरात पुरता बदलतो. साठा आणि ओघ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की ही शंका उरत नाही.

आता माझ्या रोजच्या कामातली गोष्ट. पाला कसा कुजतो हे मोजायला नायलॉनच्या जाळीच्या लहान पिशव्या वापरतात. पाला वाळवून, तोलून पिशवीत भरायचा, जमिनीवर ठेवून द्यायचा आणि ठरावीक काळाने एकेक पिशवी उचलून, माती झटकून, पुन्हा वाळवून तोलायची. वजन दर खेपेला उतरतं, ते अपेक्षितच असतं. पण त्याच नमुन्यातलं नत्र मोजलं, तर पाला कडक आणि नत्राने गरीब असेल तेव्हा पहिले काही महिने ते वाढलेलं दिसतं. टक्केवारीत नव्हे, प्रत्यक्ष ग्रॅममध्ये. कुजणाऱ्या वस्तूत नत्र वाढतं हे नव्या विद्यार्थ्याला खरं वाटत नाही. तराजू बिघडला असेल असंच त्याला वाटतं. पिशवी उघडून भिंग लावलं की पानावर बुरशीचे पांढरे धागे पसरलेले दिसतात, आणि ते जाळीच्या छिद्रांतून बाहेर मातीत गेलेले असतात. बुरशी पानातला कर्ब खातेय आणि त्यासाठी लागणारं नत्र मातीतून ओढून आणतेय.

याचा हिशेब कागदावर मांडता येतो. १०० ग्रॅम कोरडं गव्हाचं काड घ्या. त्यात साधारण ४० ग्रॅम कर्ब आणि अर्धा ग्रॅम नत्र असतं, म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर ८०:१. कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या स्वतःच्या शरीरात हे गुणोत्तर ८:१ च्या आसपास असतं (बुरशीत थोडं जास्त). खाल्लेल्या कर्बापैकी सुमारे एक तृतीयांश ते शरीरात घालतात, बाकीचा श्वसनात जाळतात. म्हणजे ४० पैकी १३ ग्रॅम कर्बाचं शरीर होणार, आणि तेवढ्या शरीराला १.६ ग्रॅम नत्र लागणार. काडात आहे अर्धा ग्रॅम. तूट १.१ ग्रॅम, आणि ती मातीतून भरून काढली जाते. तेवढा काळ त्या मातीतल्या रोपाला नत्र कमी पडतं आणि ते पिवळं दिसू लागतं. लाकडाचा भुसा मातीत मिसळला की हेच आणखी तीव्रपणे होतं, कारण भुशाचं गुणोत्तर ४०० च्या घरात असू शकतं.

आता काडाऐवजी शेंगवर्गीय झाडाचा हिरवा पाला घ्या: तेवढ्याच ४० ग्रॅम कर्बामागे अडीच ग्रॅम नत्र. गरज तीच १.६ ग्रॅमची, त्यामुळे ०.९ ग्रॅम जास्तीचं ठरतं आणि अमोनियम होऊन मातीत सुटतं. सीमारेषा कुठे येते तेही यातूनच निघतं: ४० ला १.६ ने भागा, २५ येतात. २५:१ च्या खाली नत्र सुटतं, वर अडकून पडतं. प्रत्यक्षात ही रेषा २० ते ३० च्या दरम्यान हलत असते. अडकलेलं नत्र हरवत नाही. कर्ब जळत जातो तसं गुणोत्तर खाली येतं, सूक्ष्मजीव मरतात, त्यांना दुसरे खातात आणि नत्र हळूहळू मोकळं होतं. मूळ प्रश्नातलं ‘हरणाचं खत झालं’ हे तीन शब्दांत संपलेलं प्रकरण म्हणजे ही सगळी देवघेव. नत्र कधी सुटणार आणि किती, हे ऊर्जा किती उपलब्ध आहे त्यावर ठरतं. दोन स्वतंत्र आकृत्या काढून शिकवलं की नेमकं हेच निसटतं.

हवेतलं नत्र परिसंस्थेत येतं तेही ऊर्जा मोजूनच. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्या रेणूतला तिहेरी बंध तोडायला नायट्रोजनेज या विकराला (एन्झाइमला) एका रेणूमागे कमीत कमी १६ एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) लागतात. शेंगवर्गीय झाड ही किंमत मुळांवरच्या गाठींतल्या जीवाणूंना साखर देऊन चुकती करतं. मातीत नत्र आयतं मिळत असेल तर ते गाठी कमी करतं. फुकट मिळत असताना विकत कोण घेणार? स्फुरदासाठीही (फॉस्फरससाठीही) असाच सौदा चालतो: मुळांना जोडलेली मायकोरायझा बुरशी दूरवरून स्फुरद आणून देते, झाड तिला साखर देतं.

चक्र म्हटलं की ते बंद असेल असं वाटतं. तसं नसतं, ते गळतं. हे सर्वांत स्वच्छपणे दिसलं ते अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक जंगलात. तिथला तळखडक जवळजवळ पाणी न झिरपणारा आहे, त्यामुळे ओढ्याच्या तोंडाशी बांध घालून एका पाणलोटातून काय काय वाहून जातं ते मोजता येतं. हर्बर्ट बोरमन, जीन लायकन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ च्या अखेरीस एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली, लाकूड तिथेच पडू दिलं आणि पुढची तीन वर्षं तणनाशक फवारून काही उगवू दिलं नाही. बाहेर काही नेलं नाही की आत खत घातलं नाही. तरी ओढ्यातल्या नायट्रेटचं प्रमाण पहिल्या वर्षी ४१ पट आणि दुसऱ्या वर्षी ५६ पट झालं, आणि त्याबरोबर कॅल्शियमही वाहून गेलं. कारण विघटकांचं काम चालूच होतं. पाला कुजत होता, अमोनियमचं नायट्रेट होत होतं, फक्त ते उचलून घ्यायला जिवंत मुळं नव्हती. ऋणभारित नायट्रेट मातीच्या कणांना चिकटत नाही, पाण्याबरोबर निघून जातं. जंगल पोषकद्रव्यं धरून ठेवतं ते उन्हावर चालणाऱ्या वाढीच्या जोरावर. वाढ थांबवली की तीच माती हातचं सोडून देते.

गळती भरून कशी निघते हे प्रत्येक मूलद्रव्याचं वेगळं आहे. नत्राला हवेचा साठा आहे. स्फुरदाला तो नाही, ते खडक झिजून येतं आणि शेवटी समुद्राच्या तळाशी जातं. हवाई बेटांवर हे वयानुसार मांडलेलं दिसतं. तिथे सुमारे ३०० वर्षं वयाच्या लाव्हावरच्या जंगलाला नत्र घातलं की झाडं जोमाने वाढतात. ४१ लाख वर्षं जुन्या जमिनीवर नत्राने फारसं होत नाही, तिथे स्फुरद घालावं लागतं. खडकातलं केव्हाच संपलेलं असतं. त्या जुन्या जमिनीला आज जे थोडं स्फुरद मिळतं, त्यात हजारो किलोमीटरवरच्या आशिया खंडातून वाऱ्याने आलेल्या धुळीचा मोठा वाटा आहे. सहाराची धूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यात दर वर्षी सुमारे २२,००० टन स्फुरद टाकते असा उपग्रहाच्या मोजमापांवरून काढलेला अंदाज आहे.

पाणी सगळं खाली नेतं, तर काही प्राणी उलट वर आणतात. पॅसिफिक सामन मासा नदीत जन्मतो, समुद्रात जातो आणि शरीराचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग तिथेच कमावतो. मग प्रवाहाविरुद्ध पोहत येऊन अंडी घालतो आणि मरतो. अस्वलं त्याला ओढून काठावर नेतात, अर्धवट खाऊन टाकतात. समुद्रातल्या नत्रात जड समस्थानिकाचं (नत्राच्याच किंचित वजनदार अणूंचं), नायट्रोजन-१५ चं, प्रमाण थोडं जास्त असतं, आणि तीच खूण काठावरच्या झाडांच्या पानांत सापडते. हे नत्र डोंगरावर पोहोचवण्याचा खर्च माशाने समुद्रात साठवलेल्या चरबीतून केलेला असतो.

उलट टोकाला, पोषकद्रव्य फार झालं तर काय होतं ते कॅनडातल्या ओंटारियोमधल्या २२६ क्रमांकाच्या प्रायोगिक तलावात दिसलं. १९७३ साली डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने तलावाच्या मधोमध पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कर्ब आणि नत्र घातलं, दुसऱ्यात कर्ब, नत्र आणि स्फुरद. स्फुरद घातलेला भाग हिरवागार झाला, दुसरा जवळजवळ होता तसाच राहिला. त्याचं आकाशातून काढलेलं छायाचित्र डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर बंधनं आणताना फार कामी आलं. पण अशा तलावात पुढे काय होतं ते छायाचित्रात दिसत नाही. शैवाल मरून तळाशी जातं, ते कुजवताना विघटक तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, आणि ऑक्सिजन संपला की गाळातल्या लोहाशी बांधलेलं फॉस्फेट सुटून पुन्हा पाण्यात येतं. बाहेरून येणारं सांडपाणी पूर्ण बंद केल्यानंतरही काही तलाव कित्येक वर्षं हिरवे राहतात ते यामुळेच.